पार्बता नावाचं गाव

माठातलं पाणी घ्यायला म्हणून पार्बताबाई सुनेच्या खोलीत गेल्या आणि तिच्या कॉम्प्युटरवर त्यांना आपलं नाव दिसलं. माठ त्या खोलीत, कूलरच्या वाऱ्यात ठेवलेला असे. पेला भरता भरता नजर गेली, इतकंच. पडद्यावर रागिणीचा तोच नेहमीचा खेळ होता, मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी वावरांचा. हिरवी वावरं, पिवळी वावरं, मधून नदी, आणि मुंगीएवढी माणसं. सगळी अक्षरं इंग्रजी. फक्त वरच्या कोपऱ्यात, डोंगराला टेकून, एका गावावर मराठीत लिहिलेलं: पार्बता. बाई तिसरीपर्यंत शिकलेल्या. दुकानाच्या पाट्या, एसटीवरची गावं, लग्नपत्रिकेतली नावं त्यांना वाचता येत, पण वाचताना ओठ हलत. ओठ हलले. गाव लहानसंच होतं, चार घरं आणि एक बुरूज, रंग फिकट हळदीसारखा. आणि त्याच्या चहूकडून रागिणीचे निळे शिपाई बसले होते. आत एकही गेला नव्हता. पेला भरून पाणी हातावर आलं तेव्हा बाईंनी तोटी बंद केली, सांडलेल्यावरून पाय फिरवला आणि बाहेर आल्या. रागिणीच्या कानाला ते काळं टोपण होतं, तिने मान वळवली नाही. वळवली असती तरी बाई काही बोलल्या नसत्या. अकोल्याची गोष्ट निघाल्यापासून त्यांनी सुनेशी बोलणं बंद केलं होतं.

दिवाणावर येऊन त्यांनी पाणी प्यायलं. अमरावतीतलं दुपारचं ऊन खिडकीच्या पडद्यातून गाळून फरशीवर पडलं होतं. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होता आणि ती सुरू होत नव्हती. गावाला नाव द्यायला हरकत नाही, बाईंच्या मनात आलं, नाव काही कोणाच्या बापाचं नसतं. पण मग गाव कोणाचं? निळं ते रागिणीचं, लाल ते दुश्मनाचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. हळदीचा रंग त्यांनी कधी नीट पाहिला नव्हता. आणि शिपाई. शिपाई गावाभोवती दोन कारणांनी बसतात. त्यांतलं एक कारण तर त्यांनी स्वतःच रागिणीला शिकवलं होतं.

रागिणी लग्न होऊन आली ती पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीचं काम घेऊन आली. काम घरातच, कॉम्प्युटरवर. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती हा खेळ काढून बसायची. सुरुवातीला बाई दारातून बघून जात, माणूस रस्त्यातलं भांडण बघतो तसं. मग एक दिवस प्लास्टिकची खुर्ची ओढून बसल्या. सून अकोल्याच्या मास्तराच्या घरची, जमिनीशी तिचा संबंध कुंडीपुरता. त्यामुळे तिच्या राज्यात कोठारं रिकामी आणि शिपाई उपाशी. "आधी खायचं पाय, मंग तलवारी घे," बाई म्हणाल्या, आणि मग म्हणतच गेल्या. सगळ्यांत त्यांना आवडलं ते हे, की आपण चाल केल्याशिवाय कॉम्प्युटर हलत नाही. दिवसभर थांब म्हटलं तर दिवसभर थांबतो. इतकी समज माणसाला नसते. एकदा एक डोंगरावरचं गाव काही केल्या पडेना.

"तीनदा माणसं मेली माझी, आई."

"मंग मारून कायले राह्यली? पानी कुठून येते त्याइचं?"

"हे इथून. नाल्यातून."

"तोड. अन् बस."

"बस म्हणजे?"

"बस म्हंजे बस. जेव, झोप, भांडे घास. पानी तोडलं का आपल्याले काई करा लागत नाई. फक्त आतले मरू देजो नोको. मेलेलं गाव घेऊन काय करतं?"

गाव पडलं. रागिणीने टाळ्या वाजवल्या आणि "तुम्ही तर डेंजर आहात, आई," म्हणाली. बाईंनी चेहरा तसाच ठेवला, पण संध्याकाळी वांग्याच्या भाजीत तेल जरा सढळ पडलं.

शनिवारी दुपारी सिनेमे असत. तेही रागिणीच्याच आवडीचे, हिंदीत बोलणारे परदेशी सिनेमे. अवकाशयानं, यंत्रं, दुसऱ्या ताऱ्यावरचे लोक. बाईंचा धाकटा मुलगा श्याम सोफ्यावरच झोपून जाई. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात आठवडाभर उभा राहून त्याच्या पायांत काही उरलेलं नसे. या दोघी मात्र शेवटपर्यंत बसत. एका सिनेमात आभाळातून यान उतरतं आणि सगळा देश बंदुका घेऊन धावतो. बाई म्हणाल्या, "दारात कोनी आलं तं पयले पानी इचारतात. याइनं रनगाडे आनले. मंग तो काय पेढे वाटन?" दुसऱ्यात शेकडो माणसं काचेच्या पेट्यांत झोपून दूरच्या ताऱ्याकडे चाललेली, आणि यान सांभाळणारं यंत्र ठरवतं कोणाला उठवायचं आणि कोणाला नाही. "घर सोडताना किल्ली सासूजवळ देत नाई तुमी," बाई म्हणाल्या, "अन् याइनं मशीनजवळ देली." रागिणीच्या हातातला चहा हसून सांडला. माणसांच्या हुबेहूब नकला करणारा कोणी प्राणी एका गावात शिरतो आणि नवऱ्याला कळत नाही की आपली बायको खरी की नक्कल, असाही एक होता. त्यावर बाईंचं मत असं, की दोन जेवणं झाली की कळतं, त्यासाठी शास्त्रज्ञ कशाला. आणि सगळ्याच सिनेमांबद्दल त्यांची एक कायमची तक्रार होती. दुनिया बुडायला आली आहे, लोक धावताहेत, पण स्वयंपाक करताना एकही बाई दिसत नाही. खातात काय हे?

एकच सिनेमा त्या अर्ध्यातून उठून गेल्या. त्यात एक माणूस मेलेल्या बायकोसाठी पुन्हा पुन्हा काळात मागे जातो. प्रत्येक वेळी वेगळं वागायचं ठरवतो आणि प्रत्येक वेळी तेच करतो. "मांगं गेलं तरी मानूस तोच जाते ना," एवढं म्हणून त्या गच्चीवर पापड बघायला गेल्या. पापड वाळले होते. तरी त्या बराच वेळ तिथेच थांबल्या.

आता हे सगळं बंद होतं. शनिवारचं बंद, दुपारची खुर्ची बंद. बंद बाईंनी केलं होतं. झालं ते जेवणाच्या ताटावर. श्याम म्हणाला, "माय, अकोल्याचं जमलं. डाळ मिलमध्ये मॅनेजर म्हणून घेऊन राहिले. उन्हाळा सरायच्या आत जा लागन." बाईंनी पोळी मोडली आणि वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याची वाट पाहिली. श्यामने वरण वाढून घेतलं. मग म्हणाला, "फ्लॅट पाहिला. तिसऱ्या मजल्यावर हाय. लिफ्ट हाय." रागिणी ताटात बघत होती. विषय तिथेच संपला, आणि जेवणं चालू राहिली. लिफ्ट हाय. तो शब्द बाईंनी पुढे कितीतरी दिवस तोंडात घोळवला, सुपारीच्या न फुटणाऱ्या खांडासारखा. लिफ्ट कोणासाठी? तरण्या माणसांना तिसरा मजला म्हणजे काय. पण आपल्यासाठी असेल, तर 'तूही चल' असं सरळ का बोलला नाही? सामानासाठी असेल. कपाटं वर न्यायला लिफ्ट बरी पडते. अकोलं म्हणजे रागिणीचं माहेर. हिनेच कुठूनतरी पाणी तोडलं असणार आणि बसली असणार, जेवत, झोपत, भांडी घासत. बाईंना राग आला तो तितका नाही; जास्त करून त्यांना असं वाटलं, की आपल्याच हातचा मसाला आपल्याला दुसऱ्याच्या घरच्या भाजीत लागला.

मग मोठ्या मुलाचा, कुलदीपचा, शेंदूरजनाघाटहून फोन आला. तिथला घरचा संत्र्याचा बगिचा तो बघतो. "माय, इकडंच ये आता. गाडी पाठवतो." त्याने विचारलं नाही, सांगितलं. बगिच्याच्या किल्ल्या बाईंनी स्वतः मोठ्या सुनेच्या हातात ठेवल्या होत्या, आणि किल्ल्या दिलेल्या घरात पाहुणी म्हणून परत जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. फोनवर त्या एवढंच "पाहू," म्हणाल्या. अमरावतीचं हे घर भाड्याचं. म्हणजे उन्हाळा सरला की एक बाज कुठे टाकायची, एवढाच प्रश्न होता, आणि तो घरात कोणीच तोंडाने काढत नव्हतं. विचारणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. आयुष्यात त्यांनी सांगितलं होतं, किंवा गप्प राहिल्या होत्या, आणि गप्प राहिल्या की लोक आपणहून येत. नवरा आला होता, दीर आले होते, एकदा तर भावावरून अडून माल उतरवलेला वरूडचा व्यापारी परत आला होता, सगळा माल पुन्हा गाडीत भरायला. संत्र्याच्या झाडाला ताण देतात तसं ते होतं. पाणी बंद करायचं. झाड हिरमुसतं, पिवळं पडतं, पानं टाकतं. त्याला वाटतं आता मरतो. आणि मग पाणी दिलं की जिवाच्या भीतीने सगळं अंग फुलाने भरून काढतं. पाणी चालूच ठेवलं तर झाड नुसतं पानांनी माजतं, फूल देत नाही. हे बाईंना लहानपणापासून माहीत होतं, आणि माणसांच्या बाबतीतही त्यांना याहून वेगळं काही आढळलं नव्हतं.

दिवाणावर पाय वर घेऊन त्या बसल्या आणि त्यांना नाल्याकाठचा पट्टा आठवला. एका वर्षी त्यांच्या दिवंगत नवऱ्याने, सूर्यभानांनी, सगळ्या बगिच्याला एकाच हिशोबाने ताण दिला. काळी जमीन भारी, ती ओल धरून ठेवते, तिला ताण लांबवावा लागतो. पण नाल्याकाठी वीस-पंचवीस झाडं मुरमावर होती. हलकी जमीन. वरून सगळी सारखीच हिरवी दिसत. काळ्या जमिनीतली झाडं रीतीप्रमाणे पानं गाळू लागली, खाली पिवळा सडा पडला, आणि सूर्यभान खुशीत मिशीवर हात फिरवत बांधावरून फिरले. मुरमावरच्या झाडांनी मात्र पानं गाळली नाहीत. पानं फांदीवरच होती, सगळी जागच्या जागी. सूर्यभानांना वाटलं ही झाडं दमदार, आणखी चार दिवस जाऊ द्या. बाई डबा घेऊन गेल्या तेव्हा त्यांनी एका पानाला हात लावला, तर ते पापडासारखं वाजलं. पान गळतं तेव्हा फांदी जिवंत असते, तीच त्याला सोडते. फांदी मेली की पानाला सोडायला कोणी उरत नाही. त्या झाडांवर पुढे पाण्याचे पाट सोडले तरी काही झालं नाही. वाऱ्यात ती दिवसभर वाजत असत. सगळी पानं अंगावर असलेली, नेटकी, मेलेली झाडं.

बाईंनी पाय खाली सोडले. घरात सगळं नेटकं होतं. हेच त्यांना इतके दिवस बोचत होतं, पण काय बोचतं ते हाताला लागत नव्हतं. बोलणं बंद केलं तेव्हा रागिणी आधी धुसफुसली होती. दाराला पाय लागला, चहात साखर विसरली, श्यामवर उगाच डाफरली. बाईंना ते बरं वाटलं होतं. ताण लागत होता. मग हळूहळू ते थांबलं. आता चहा वेळेवर येतो, साखर बरोबर असते. "आई, जेवून घ्या." "आई, गोळी घेतली का?" आवाजाला काही वळण नाही, खाली नाही, वर नाही. एसटी स्टँडवरची बाई गाड्यांची नावं सांगते तसा. पानं सगळी जागच्या जागी. ही मुलगी आपण भारी जमीन समजून चाललो. अकोल्याची, मास्तराच्या घरची. काळी की मुरमाड, ते पायाखाली घालून कधी पाहिलंच नाही.

आणि कॉम्प्युटरमध्ये एक गाव, त्याला आपलं नाव, भोवती शिपाई. आत कोणी जात नाही. म्हणजे तिथे ती आपल्याला ताण देते आहे, आणि इथे आपण तिला. दोघींचं पाणी बंद. या विचाराने त्यांना हसू आलं. मग हसू गेलं आणि विचार तिथेच बसून राहिला. मग दुसराच विचार आला, की शिपायांची तोंडं कुठे होती? गावाकडे की बाहेर? त्यांनी डोळे मिटून पडदा आठवून पाहिला. निळे टोप दिसले, भाले दिसले. तोंडं आठवली नाहीत. मुंगीएवढ्या माणसांना तोंडं असतात का, हेही आठवलं नाही. स्वतःच्या नावाचं गाव, आणि तिथे काय चाललंय ते आपल्याला दारातल्या भाजीवाल्याइतकंही ठाऊक नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात झाकण आपटलं. चांगलं दणदणीत आपटलं, वर ओट्यावर गोल फिरून दुसऱ्यांदा वाजलं. रागिणी काहीतरी पुटपुटली. देवघरापुढे वाती वळत बसलेल्या बाईंनी कान दिला. एक पान पडलं होतं. त्यांनी वात वळून पूर्ण केली, तेलात ठेवली आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पेला न घेता खोलीत गेल्या. भिंतीशी उभी असलेली प्लास्टिकची खुर्ची ओढली. तिच्यावर इस्त्रीचे कपडे होते, ते पलंगावर ठेवले आणि बसल्या. रागिणीने एका कानाचं टोपण काढलं. दुसऱ्याचं राहू दिलं. पडद्यावर तोच नकाशा होता आणि खालच्या कोपऱ्यात पुढची चाल करायची खूण उघडझाप करत होती. कूलर घरघरत होता. बाईंना जाणवलं, की खोलीत तिघं बसली आहेत आणि तिघंही दुसऱ्याच्या चालीची वाट पाहताहेत. त्यांतल्या त्यात कॉम्प्युटरला लाज नाही म्हणून तो निदान डोळा तरी मिचकावतो.

"हे कोनाचं गाव व्हय?" बाई म्हणाल्या.

इतक्या दिवसांनी वापरलेला आवाज जरा चिरकला.

"कोणतं, आई?"

"नाव वाचता येते मले."

रागिणीने दुसरं टोपणही काढलं. "कोणाचंच नाही."

"कोनाचंच नाई म्हंजे? कम्प्युटरचं?"

"नाही. काही गावं अशी असतात या खेळात. ती कोणाच्याच राज्यात नसतात. आपल्या मर्जीनं राहतात. त्यांना जिंकता येतं, नाहीतर दोस्ती करता येते."

"नाव कोनं ठेवलं?"

"मी."

"कावून?"

रागिणीने खांदे उडवले. "जसं गाव दिसलं, तसं ठेवलं."

बाईंनी ते ऐकून घेतलं. उत्तर तिखट होतं, आणि तिखट होतं म्हणून बरं वाटलं. त्या पुढे वाकल्या. "अन् हे शिपाई? पानी तोडलं माह्या गावाचं?"

"नाही हो. बघा ना, नदीवर कोणीच नाही बसवलं."

बाईंनी पाहिलं. खरंच, डोंगरातून उतरणारी निळी रेघ मोकळी होती. शिपाई तिच्या दोन्ही अंगांना सरकून बसले होते, पाटाला वाट दिल्यासारखे.

"तिकडून लाल येऊन राहिले होते," रागिणी म्हणाली. "म्हणून बसवले."

"गावानं बलावले होते का?"

"नाही."

"मंग?"

"मंग काय. बसवले." तिने माऊस उगाच इकडून तिकडे फिरवला. "धान्यही पाठवते. ते घेत नाही. नाही पण म्हणत नाही. गप्प बसते."

"लय ताठ हाय."

"लय."

"मंग घेऊन कावून टाकत नाई? एवढे शिपाई हायेत. एका दिवसाचं काम."

"घेतलं की त्याचं नाव जाते," रागिणी म्हणाली. आता तिच्या बोलण्यात अकोलं पुरतं उतरलं होतं, जे ती सासूसमोर नीट इस्त्री करून ठेवत असे. "ते आपल्या रंगाचं होते. मंग ते काई सांगत नाई, टोमने मारत नाई. नुसतं धान्य देते. अशी गावं माझ्याजवळ पायजे तेवढी हायेत."

बाहेर कालचीच स्कूटर पुन्हा खोकली आणि या वेळी सुरू झाली. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन संपला.

"मंग आता?" बाई म्हणाल्या.

"आता काही नाही. त्याची चाल आहे."

ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं. आंबवणी. नुसती माती ओली होईल इतकं. एकदम पाट सोडला तर झाड बावचळतं. घाई झालेली माणसं इथेच चुकतात. बाईंनी पदर सारखा केला, पडद्यावरच्या हळदीच्या रंगाच्या चार घरांकडे एकदा पाहिलं आणि मग खोलीतल्या माठाकडे.

"अकोल्याले नळ किती दिवसाआड येते?"

माऊसवरचा हात थांबला.

"चार-पाच दिवसांनी. उन्हाळ्यात कधी जास्त."

"भरून ठेवा लागत असन."

"हो ना. अन् येते भल्या पहाटे. आमच्याच्यानं उठणं होणार नाही."

"तुमच्याच्यानं होते काय?"

रागिणीने ओठ दाबून धरले आणि पडद्याकडे तोंड केलं. बाई उठल्या. माठाशी जाऊन त्यांनी त्याच्या पोटावर बोटाने टकटक केलं, बाजारात घेताना करतात तसं, आणि कान देऊन आवाज ऐकला.

"हा पुरनार नाई तिथं. मोठा घ्या लागन. पन मोठा भरला का हलवत नाई कोनाच्यानं. तिसऱ्या मजल्यावर कसा चढवता?"

"लिफ्ट आहे, आई," रागिणी म्हणाली.

"मालूम हाय," पार्बताबाई म्हणाल्या. "श्यामनं सांगतलं."